देव नाही असा दाखला

‘देव नाही’ असं लिहून द्यायला आमच्या गावात एकही माणूस तयार झाला नाही, म्हणून आमचं यार्ड बंद पडलं. ऐकणाऱ्याला वाटतं मी चेष्टा करते. चेष्टा करायची ताकद माझ्यात आता उरलेली नाही. हिंजवडीजवळच्या नेऱ्यावरून पुढे गेलं की आमचं गाव लागतं. नाव सांगणार नाही. सांगितलं तर त्यावरही ठराव करतील.

यार्ड म्हणजे जुन्या गाड्या तोडायची जागा. माझ्या सासऱ्यांचं नाव विश्राम, पण सगळा गाव त्यांना आबा म्हणतो. त्यांनी ते स्वतःच्या रानात, घराला लागूनच सुरू केलं, तेव्हा हिंजवडीत आयटीच्या बिल्डिंगा नुकत्या उभ्या राहत होत्या. भाऊबंदांनी जमिनी विकल्या, कुणी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. आबांनी विकलं नाही. त्यांना गाडी खोलायचा नाद. गाडी आली की इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, स्प्रिंगचे पाटे वेगळे, दारं वेगळी, आणि उरलेल्या सांगाड्याला गॅस कटर. मुळशीत कुणाच्या जुन्या जीपला आरसा हवा असो की ट्रॅक्टरला स्टार्टर, माणूस फिरून फिरून आमच्याकडेच यायचा.

मी मूळची बार्शीची. हिंजवडीत एका कंपनीत अकाउंट्सला होते, तिथं सौरभ भेटला आणि मी या घरात आले. सौरभ टोचन लावून गाड्या ओढून आणायचा, मी यार्डाचं ऑफिस बघायचे. माझ्या आईला अजून वाटतं की मी भंगारात पडले. तोंडाने म्हणत नाही, पण फोनवर ‘काम कसं चाललंय’ असं कधी विचारतही नाही.

आबांची एक रीत होती. गाडीला गॅस लावायच्या आधी तिचा देव उतरवायचा. डॅशबोर्डवर कुणी ना कुणी बसलेला असतोच. गणपती, खंडोबा, एकवीरा, बालाजी. आबा मालकाला म्हणायचे, “तुमच्या हातानं उतरवा.” चिकटलेला असला तर बुडाशी कोमट पाण्याची धार सोडायचे. देव हातात आला की विचारायचे, “गाडी लांबात लांब कुठवर गेलती?” कुणी रामेश्वर सांगायचं, कुणी बहिणीचं सासर. एका म्हाताऱ्याची गाडी पौडच्या बाजाराच्या पुढे कधी गेलीच नव्हती, आणि ते सांगताना त्याला रडू फुटलं. मग मालक देव घरी न्यायचा. त्याने नाही नेला तर आबा तो करंजाच्या झाडाखाली ठेवायचे. तिथं त्यांनी बसच्या सीटांच्या अँगलचा एक रॅक केला होता, वर पत्रा. त्यात एक बुद्ध होता, एक क्रूस होता, ७८६ लिहिलेली काचही होती. माझ्या सासूबाई सारजाबाई संध्याकाळी तिथं एक उदबत्ती लावायच्या. एवढंच होतं ते.

मग नियम आला. आता कुणीही उठून गाडी तोडायची नाही. आधी सरकारची मान्यता घ्यायची, तेल जमिनीत मुरू द्यायचं नाही, बॅटऱ्या वेगळ्या ठेवायच्या, आणि तोडलेल्या प्रत्येक गाडीचा मालकाला रीतसर दाखला द्यायचा. नियम वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. चोरीची गाडी एका दिवसात गायब करणारे आणि काळं तेल सरळ ओढ्यात सोडणारे लोक आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. आपण तसले नाही हे दाखवायची ही संधी आहे, असं मीच जेवताना सगळ्यांना पटवलं. मान्यता मिळाली तर यार्ड कायमचं सरळ होणार होतं. नाही मिळाली तर कुलूप, हे नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं.

आम्ही झटलो हो! सगळ्या रानात काँक्रीट केलं. तेलासाठी टाकी बांधली. बॅटऱ्यांना खोली, आग विझवायला सिलिंडर, गेटवर कॅमेरे. गॅस कटर चालवणारा वाल्मीक हेल्मेट आणि काळा चष्मा घालून काम करायला लागला आणि त्याने तसा फोटो काढून गावी बीडला पाठवला. आबा कुरकुरायचे. “गाडी तोडायची का तिचं ऑपरेशन करायचं?” पण पहाटे उठून त्या काँक्रीटला पाणी तेच मारायचे. कागदपत्रांसाठी निरंजन नावाचा सल्लागार धरला होता. त्याला काहीही विचारलं तरी तो म्हणायचा, “मॅडम, होऊन जाईल.”

तपासणीला आलेले अधिकारी म्हणजे शैलेश वाघचौरे. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, मला मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. तो शांत, नीट बोलणारा, चहा घेतला तर कप स्वतः उचलून ठेवणारा. त्याने टाकीत वाकून पाहिलं, कॅमेरे पाहिले, वाल्मीकला सिलिंडर चालवून दाखवायला लावला. “छान केलंय तुम्ही,” म्हणाला. आबांचा चेहरा असा फुलला की मला त्यांच्याकडे बघवेना. आता गेटकडे वळायचं, सही करायची आणि जायचं, इतकंच बाकी होतं.

त्याच वेळी ज्ञानदाला प्रदक्षिणा घालायची होती.

ज्ञानदा समोरच्या टॉवरमध्ये राहते. नागपूरकडची, आयटीत आहे, तेव्हा गाडी शिकत होती. कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं की इतक्या गाड्यांचे देव एका जागी आहेत, तिथं पाया पडून गेलं की गिअर बरोबर पडतो. गुरुवारी क्लासच्या आधी ती यायची. त्या दिवशी गुरुवार होता.

वाघचौरे साहेब थांबले. करंजाखालचा रॅक, उदबत्तीची राख, डोक्यावर ओढणी घेऊन फिरणारी ज्ञानदा. त्यांनी विचारलं, “हे मंदिर आहे का?”

“नाही,” मी म्हणाले.

“हो,” ज्ञानदा म्हणाली. “खूप जागृत आहे, सर.”

मी हसून सगळं समजावलं. गाड्यांचे उतरवलेले देव आहेत, साहेब, ठेवायला जागा म्हणून रॅक केलाय, बाकी काही नाही. साहेबांनी मान डोलावली. मग बूट काढले, रॅकपुढे उभे राहून हात जोडले, डोळे मिटले, बूट घातले, आणि पेन काढून लिहिलं. काय लिहिलं ते पंधरवड्याने पत्रातून कळलं. ‘जागेवर धार्मिक स्थळ आढळून आले. ते हटवावे, अथवा असे स्थळ नसल्याबाबत ग्रामपंचायतीचा दाखला जोडावा.’

मी ते पत्र वाचलं आणि टेबलावर आपटलं. अरे, तूच हात जोडलेस ना?

निरंजनला फोन केला. तो म्हणाला, “होऊन जाईल मॅडम, एका ओळीचा विषय आहे.”

आधी मला वाटलं, दाखल्याच्या भानगडीत पडायचंच कशाला, देव हलवून टाकू. आबांना म्हटलं. त्यांनी रॅककडे पाहिलं.

“कुटं न्यायचे?” त्यांनी विचारलं.

“घरी नेऊ. माळ्यावर ठेवू.”

आतून सासूबाई बाहेर आल्या. “माझ्या घरात न्हाई हां! दुसऱ्याच्या गाडीचे देव ते. कुनाचा अपघात झालेला, कुनाचं काय झालेलं. हितं रानात हायेत ते लई ब्येस हायेत.”

“मग नदीत सोडू.”

आबा माझ्याकडे वळले. “प्लास्टिकचे देव नदीत सोडायचे? तेल ओढ्यात सोडू नये म्हनून तूच समद्यांना सांगत हिंडतीस ना?”

माझंच शस्त्र माझ्यावर चालवलं होतं त्यांनी, तेही रागाने नाही, खरंच विचारत होते. मी चप्पल घातली आणि सरपंचांच्या घरी गेले.

आमच्या सरपंच रंभाबाई. नात्याने सासूबाईंच्या चुलत जाऊ लागतात. गावात काँक्रीट रस्ता आणला तो त्यांनी, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा माझी ओटी पहिल्यांदा भरली तीही त्यांनीच. मला आवडणारी बाई. मी टाइप केलेला कागद पुढे ठेवला. ‘सदर जागेत कोणतेही धार्मिक स्थळ नाही.’ खाली सहीची जागा. त्यांनी चष्मा लावून वाचला, चष्मा काढला, परत लावून वाचला.

“म्हंजी देव न्हाई असं लिवायचं?”

“देव नाही असं नाही मावशी. देऊळ नाही असं.”

“आन देव हायेत ना तितं?”

“आहेत. पण नुसते ठेवलेत.”

“नुसता कुटं देव असतो व्हय?” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “हे बघ गौतमी, तू शिकल्याली हायेस, तुला दोन्हीतला फरक कळत आसंल. पर वरच्याला कळंल का? माझ्या नातवाची औंदा धाव्वी हाय. असल्या वर्षात मी कागदावर देव न्हाई म्हनून सही करनार न्हाई. तू माझ्याकडनं दुसरं कायबी लिवून घे.”

मी उपसरपंचांकडे गेले. ते म्हणाले बायकोला विचारून सांगतो. बायको म्हणाली, एकादशी होऊ दे. एकादशी झाली आणि ते फोन उचलेनासे झाले. ग्रामसेवक म्हणाला, माझी बदली व्हायची आहे, मला यात घेऊ नका. वॉर्डाचे सदस्य सौरभचे शाळेतले दोस्त, ते तर खांद्यावर हात टाकून म्हणाले, “वहिनी, तुमच्यासाठी जीव देऊ, पण सही नका मागू.” मग पुण्यात देवस्थानांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात जाऊन रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या बाईंनी रजिस्टर उघडून पाहिलं. आमचं देऊळ त्यात नव्हतं.

“नाही ना? मग नाही असं पत्र द्या,” मी म्हणाले.

“जे आहे त्याचं पत्र आम्ही देतो, ताई. जे नाही त्याचं कसं देणार?”

परत येताना बाणेरच्या सिग्नलला मी गाडीत एकटीच ओरडले. शेजारच्या रिक्षावाल्याने काच खाली करायची खूण केली आणि विचारलं, “मॅडम, सब ठीक है ना?”

मधे खंडेनवमी झाली. आबांनी कटर, पाने, जॅक मांडून पूजा केली आणि रॅकमधल्या एकेका देवाला झेंडूचं फूल वाहिलं. मी वैतागून म्हटलं, “आबा, आता फुलं तरी नका वाहू, अजून देवळासारखं दिसतंय.” त्यांनी उरलेली फुलं मुकाट्याने टोपलीत परत ठेवली. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की मीच जाऊन ती वाहून आले.

शेवटी रंभाबाईंनीच मार्ग सुचवला. एकट्याने सही करायला सगळे घाबरतात, तर विषय ग्रामसभेत घ्यायचा. ठराव झाला की कुणाच्या एकट्याच्या डोक्यावर पाप येत नाही. मला पटलं. इतकं पटलं की त्या दिवशी मी घरी येऊन शिरा केला.

दसरा झाल्यावर ग्रामसभा भरली. एरवी कोरम भरत नाही, त्या दिवशी शाळेच्या पटांगणात उभं राहायला जागा नव्हती. मला वाटलं आबांची पुण्याई. पण झालं होतं वेगळंच. विषय गावात पसरता पसरता असा झाला होता की सरकार आबांचं देऊळ पाडायला निघालंय.

ग्रामसेवकाने विषय वाचायला सुरुवात केली आणि मागून कुणीतरी ओरडलं, “हात तर लावून दावा म्हनावं!” मग टाळ्या. मग आणखी एकजण उठला. त्याच्या आजोबांनी त्याला सांगितलं होतं म्हणे की करंजाखाली पूर्वीपासून ठाणं आहे. करंज आबांनी स्वतः लावलेला! मी उठले.

“ऐका हो, कुणी काही पाडत नाहीये. ते देऊळच नाही. आम्हाला फक्त तसं लिहून हवंय.”

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे मायेने पाहिलं. “पोरी, घाबरू नगं. त्या सायबाच्या भ्यानं असं बोलू नगं. गाव हाय तुमच्या पाठीशी.”

“अहो बाबा, मी घाबरलेली नाही!”

“बस खाली, आमी बघतो.”

ठरावात देवाचं नाव काय टाकायचं यावर जरा अडलं, कारण रॅकमध्ये सगळेच होते. मग कुणीतरी ‘श्री वाहनेश्वर’ सुचवलं आणि सगळ्यांना ते लई आवडलं. ‘सदर प्राचीन व जागृत देवस्थान कोणत्याही परिस्थितीत हटवू नये.’ हात वर करायला सांगितले. सगळ्या पटांगणाने हात वर केले. मी आबांकडे पाहिलं. आबांचाही हात वर होता.

सभा संपल्यावर मी तरातरा घरी आले. उंबऱ्यात पाय ठेवला आणि फुटलेच. “आबा, तुम्ही हात का वर केलात? तुम्हाला तर माहीत होतं!”

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “समद्यांनी केला गं. माझ्यासाठी केला त्येंनी. आपल्या भल्यासाठी गाव उठलं आन म्या एकट्यानं हात खाली ठिवून बसायचं? कसं दिसलं आसतं ते?”

मला त्यांचा गळा धरावासा वाटला आणि त्यांच्या पायाशी बसून रडावंसंही वाटलं. यातलं काहीच न करता मी मोरीत जाऊन कपडे धोपटत बसले.

ठरावाची प्रत रंभाबाईंनी पेढ्यासोबत आणून दिली. आणि कामात एरवी कासवाला लाजवणाऱ्या त्या पंचायतीने हा एक ठराव मात्र इतक्या तत्परतेने वर पाठवला की मी वाघचौरे साहेबांसमोर जाऊन बसले तेव्हा तो त्यांच्या फाइलला आधीच लागलेला होता.

“आता माझ्या हातात काही राहिलं नाही,” ते म्हणाले. “मी फक्त आढळलं असं लिहिलं होतं. आता तर गावानेच प्राचीन म्हटलंय.”

“साहेब, करंज माझ्या सासऱ्यांनी लावलाय. झाड प्राचीन नाही, देऊळ कुठून प्राचीन?”

“मग ठराव रद्द करून आणा.”

ठराव रद्द करायला पुन्हा ग्रामसभा. त्या सभेत कुणीतरी उभं राहून म्हणायला हवं की देव नाही. मी सौरभला म्हटलं, तू म्हण. तो म्हणाला, “मी म्हणेन, पण अनुमोदन कोण देईल?” आम्ही दोघांनी अख्खं गाव मनातल्या मनात फिरून पाहिलं. कुणी सापडलं नाही.

दिवाळीनंतर अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं आणि पाठोपाठ गेटला सील लागलं. सील लागायच्या आधीच सुटा माल एका व्यापाऱ्याने ढिगाच्या हिशोबाने उचलून नेला होता. आबांनी ज्या वस्तू गाडीच्या नावाने वेगळ्या ठेवलेल्या होत्या, हे अमक्याच्या जीपचं, हे तमक्याच्या टेम्पोचं, त्या सगळ्या एकाच ट्रकमध्ये फावड्याने भरल्या. आबा तेव्हा बाहेर आले नाहीत. वाल्मीक हायवेकडच्या एका मोठ्या मान्यताप्राप्त प्लांटवर लागला. सौरभ आता आमच्याच भागातल्या जुन्या गाड्या टोचन लावून त्या प्लांटवर पोचवतो. आमच्या गेटसमोरून नेतो, दुसरा रस्ता नाही.

रॅकला सीलच्या बाहेर काढलं, कारण ते देवस्थान. मधे तारेचं कुंपण घातलं, इकडे वाहनेश्वर आणि तिकडे आमचं रिकामं काँक्रीट. गावाने वर्गणी काढून चौथरा बांधला, भगवा रंग दिला, घंटा लावली. कमिटी झाली. कमिटीने एकदा क्रूस आणि ती ७८६ची काच मागच्या बाजूला हलवायचं काढलं, तेव्हा मात्र आबा उठून गेले. “जो जो गाडीतनं उतरला तो हितंच ऱ्हानार,” म्हणाले, आणि ते तिथंच राहिले. त्या दिवशी मला आबांचा अभिमान वाटला आणि त्याच दिवशी सर्वांत जास्त रागही आला. हाच आवाज सभेत कुठं गेला होता?

एक गोष्ट मात्र थांबली नाही. लोक देव आणून द्यायचे थांबले नाहीत. प्लांटवर गाडी दिली की देव घेऊन आमच्याकडे. वाल्मीक फोनवर सांगायचा, “आबा, हितं सरकत्या पट्ट्यावर गाडी आली की थांबत नाही. मी होईल तेवढे काढून ठेवतो.” गाड्या तिकडे जात होत्या आणि देव इकडे येत होते. बुडाला चिकटलेला डिंक, तेल, धूळ पुसायचं काम माझ्याकडे. अकाउंट्स शिकलेली बाई मी.

मे महिन्यात, भर दुपारी एक रिक्षा कुंपणापाशी थांबली. वाघचौरे साहेब उतरले. घरचे कपडे, हातात रुमालाची पुरचुंडी. मी ओसरीत होते. बघितलं आणि तोंडातून निघूनच गेलं, “आता काय राहिलंय साहेब? घर तपासायचंय का?”

“नाही हो,” ते म्हणाले. “माझ्या कामासाठी आलोय.”

त्यांनी रुमाल उघडला. आत छोटा गणपती होता, बैठक तुटलेला.

“वडिलांची गाडी. ते गेले मागच्या महिन्यात. गाडीची मुदत संपली होती, प्लांटवर दिली. तिथं म्हणाले, काय सामान असेल ते पटकन काढून घ्या. मी ओढला तर असा तुटला. तुटका म्हणून आई घरात ठेवू देत नाही. तिथल्या वाल्मीकने सांगितलं की इथं न्या.”

मी हात पुढे केला नाही. इतके महिने आत कोंडून ठेवलेलं सगळं वर आलं होतं.

“एक सांगा साहेब. हे देऊळ आहे?”

त्यांनी चौथऱ्याकडे, घंटेकडे पाहिलं. “आता आहे.”

“तेव्हा होतं?”

त्यांनी गणपतीवर रुमाल सारखा केला. “नव्हतं,” म्हणाले. “मला तेव्हाही दिसत होतं की नाहीये. पण रकाने दोनच होते, आहे आणि नाही. मी नाही लिहिलं असतं आणि उद्या कुणी त्या प्रदक्षिणेचा फोटो काढून तक्रार केली असती, तर मी काय उत्तर दिलं असतं? गाड्यांचे उतरवलेले देव, असं लिहायला जागा नव्हती.”

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. साहेबाला माहीत, रंभाबाईंना माहीत, हात वर करणाऱ्या पटांगणाला माहीत, आबांना माहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं, आणि ते त्यांना दुःखाचं वाटू नये म्हणून मी तोंड फिरवलं.

तेवढ्यात आबा मागून आले. झोपेतून उठले होते, डोक्याला टोपी नव्हती. साहेबांना त्यांनी ओळखलं की नाही मला अजून कळलेलं नाही. त्यांनी दोन्ही हातांत गणपती घेतला, तुटकी बैठक उलटून पाहिली आणि विचारलं, “गाडी लांबात लांब कुठवर गेलती?”

साहेब गडबडले. “लांब... लांब कुठं नाही. गोव्याला जायचं म्हणायचे वडील, राहूनच गेलं. घर ते डायलिसिसचं हॉस्पिटल. तेवढंच. दिवसाआड.”

आबांनी मान हलवली. मग, चूक समजावून सांगावी तितक्या साध्या आवाजात म्हणाले, “कोमट पान्याची धार सोडली आसती म्हंजी तुटला नसता. तुमच्या हातानं अल्लाद उतरवून घेतला आसता म्या. गाडी आमच्याकडं आनायची हुती की, सायेब.”

साहेबांनी रिकामा रुमाल खिशात कोंबला. त्यांच्या पाठीमागे कुंपणापलीकडे आमचं रिकामं काँक्रीट उन्हात तापत होतं, गेटला त्यांच्याच ऑफिसचं सील होतं. आबा उत्तराची वाट बघत उभे होते.

“गौतमी,” शेवटी आबाच म्हणाले, “बुडाला डिंक ऱ्हायलाय. कोमट पानी आन.”

मी आत गेले आणि पाणी तापत ठेवलं.